ओल्या फडक्याखालचं शिल्प

१

गॅलरीवालीचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला शेक देत बसले होते. त्या वेळात मला कोणी बोललेलं खपत नाही, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. गॅलरीवालीलाही ठाऊक आहे, पण ती पर्वा करत नाही.

"मॅडम, सरांचं शिल्प चोरीला गेलं."

"कोणतं?"

"नवं. ज्याच्यासाठी हे सगळं प्रदर्शन आहे, ते."

"मग पोलिसांना कळवा."

"तुम्ही आहात ना."

मी पोलिसांत होते. चोऱ्यांचा तपास करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं होतं, की यापुढे कोणाचं काही हरवलं तर आपण फक्त 'अरे अरे' म्हणायचं. पण हे सर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर अमूर्त चित्रं काढली, शिल्पं केली आणि त्यात मोठं नाव कमावलं. त्यांच्या कारकिर्दीचं भलंमोठं प्रदर्शन पुढच्या महिन्यात होतं, आणि त्यात एक कोरं करकरीत शिल्प मध्यभागी उभं राहणार असल्याची दवंडी या बाईनं वर्षभर आधीच पिटली होती.

"बाहेर कळलं तर बोभाटा होईल," ती म्हणाली. "घरातल्या घरात मिटवू. या तुम्ही."

मी शेकाची पिशवी बाजूला ठेवली, तिच्या नावानं मनात चार शब्द काढले आणि निघाले.

भावोजींचा स्टुडिओ म्हणजे घरामागची उंच पत्र्याची शेड. तिथं मंडळी आधीच गोळा झाली होती. गॅलरीवाली फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होती. भावोजींच्या कारकिर्दीवर जाडजूड पुस्तक लिहिणारे चरित्रकार गळ्यात कॅमेरा अडकवून आले होते, कारण आज म्हणे ऐतिहासिक क्षण होता. भावोजींच्या शिल्पांचं ओतकाम करणारा ओतारी प्लास्टरच्या गोण्यांवर बसून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. तो आज साचा घ्यायला आला होता. भावोजी आधी मातीत शिल्प करतात, ओतारी त्याचा साचा घेतो आणि मग ब्राँझमध्ये ओततो, अशी त्यांची कामाची रीत. सगळ्यांच्या देखत शेडचं कुलूप उघडलं, आणि आत शिल्पच नव्हतं.

शेडच्या मधोमध लाकडी फिरती बैठक रिकामी होती. मातीचं काम चालू असलं की ते ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लास्टिक टाकून ठेवावं लागतं, नाहीतर माती सुकून तडकते. ती फडकी बैठकीच्या पायाशी ओल्या ढिगात पडली होती. प्लास्टिकची मात्र चौकोनी घडी करून कडेला ठेवलेली होती.

भावोजी एका स्टुलावर बसले होते. मला बघून उठले.

"ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? दुखतोय ना गुडघा?"

"दुखतोय. शिल्प कुठंय?"

"जाऊ द्या ना. गेलं ते गेलं. नका शोधू."

ज्याची वस्तू गेली तोच 'नका शोधू' म्हणायला लागला, की मी बसायला खुर्ची मागते. मी खुर्ची मागितली.

२

पहिली गॅलरीवाली.

"शिल्प कसं होतं?"

"मॅडम, ते 'कसं' असं नव्हतंच. त्याला एक उपस्थिती होती."

"उपस्थिती नसलेली वस्तू चोरीला जात नाही. आकार सांगा."

ती माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तशी बघत म्हणाली, "माणसाएवढं उंच. वर झेपावणारं. डावीकडे किंचित कललेलं. त्यात एक आकांक्षा होती."

"आकांक्षा कशाची होती? म्हणजे दिसायला?"

"ती दिसत नाही, मॅडम. जाणवते."

चोरीला गेलेल्या गाईचं वर्णन लोक शिंगांपासून शेपटीपर्यंत करतात. चपलेचंसुद्धा करतात. इथं माणसाएवढी वस्तू गायब झालेली, आणि मला आकांक्षेच्या मागावर सोडलं जात होतं. माझं डोकं तिथंच तडतडायला लागलं.

मग चरित्रकार. त्यांनी आधी घसा साफ केला. मी म्हटलं थोडक्यात सांगा, त्यावर त्यांनी मान डोलावली आणि भावोजींच्या तरुणपणापासून सुरुवात केली.

"सरांचा पहिला कालखंड काळ्या रेघांचा. त्या वेळी लोक हसले. दुसरा विटकरी रंगाचा. तेव्हा पारितोषिकं आली, आणि मग जो तो विटकरीच मागायला लागला. सरांना त्याचा उबग आला. तिसऱ्या कालखंडात त्यांनी कॅनव्हास सोडला आणि हात मातीत घातले. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस संपला. तर उलट खरी कीर्ती तिथून झाली. आणि आता हे शिल्प म्हणजे चौथ्या कालखंडाची नांदी."

"ते दिसायला कसं होतं?"

"शोकमग्न," ते म्हणाले. "जमिनीकडे ओढलं जाणारं. आत दोन पोकळ्या, एकमेकींकडे पाठ फिरवलेल्या."

"गॅलरीवाल्या बाई म्हणतात वर झेपावणारं होतं."

"बाईंचं बघणं जरा बाजाराचं आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "मी त्याला हात लावलाय. सरांनी लावू दिला. माझं शेवटचं प्रकरण त्या स्पर्शावरच आहे. लिहून तयार आहे."

भावोजी तिकडे खाली मान घालून बसले होते. त्यांना दोघांचंही बोलणं ऐकू जात होतं, पण त्यांनी कोणालाच खोडलं नाही. हा त्यांचा जुना स्वभाव. त्यांनी लग्नाच्या वेळी दिलेलं एक लहान चित्र माझ्या घरात वर्षानुवर्षं उलटं टांगलेलं होतं. ते दरवेळी समोर बसून चहा प्यायचे आणि काही बोलायचे नाहीत. शेवटी धाकटीनं सांगितलं तेव्हा म्हणाले, "असंही बरं दिसतंय, राहू द्या." अशा माणसाच्या तोंडून काही काढायचं म्हणजे घाम फुटतो.

ओतारी या दोघांवर वैतागला होता, म्हणून मला त्याच्याबद्दल आशा वाटली.

"गोल होतं," तो म्हणाला. "रांजणासारखं. खाली फुगीर. उंची माणसाएवढी, डावीकडे उतार. साच्यात किती मेण लागेल, ओतायला किती धातू लागेल, सगळा अंदाज मी काढून ठेवलाय. माझा अंदाज चुकत नाही."

"पोकळ्या होत्या?"

"कसल्या पोकळ्या? भरीव होतं."

म्हणजे एक झेपावत होतं, एक जमिनीकडे चाललं होतं, आणि एक रांजण होता. तिघं एकमेकांना खोटं पाडत होते. उंची आणि डावा उतार या दोनच गोष्टींवर त्यांचं एकमत होतं.

"बरं, हे नेलं कसं असेल?" मी विचारलं.

"तेच तर मी मघापासून म्हणतोय, पण माझं ऐकतंय कोण?" ओतारी गोण्यांवरून उठला. "ओली माती आहे ती. उचलायला चार माणसं लागतील, आणि दारापर्यंत जाईतो ढासळेल. मग इथं चिखलाचा सडा पडायला हवा."

मी खाली बघितलं. जमिनीवर प्लास्टरची जुनी पांढरी धूळ होती. कोणी झाडलेलं नव्हतं, पुसलेलं नव्हतं. धुळीत पावलांचे ठसे होते, पाण्याचे डाग होते. मातीचं एक ढेकूळ सोडा, मातीचा डागसुद्धा कुठं नव्हता.

३

काल संध्याकाळी कोण कुठं होतं, हे विचारून झालं. भावोजी, गॅलरीवाली आणि चरित्रकार तिघंही गॅलरीत होते, कोणतं चित्र कोणत्या भिंतीवर यावरून वाद घालत. चरित्रकार मध्येच निघून गेले होते. का, तर म्हणे एक वाक्य सुचलं. ओतारी त्याच्या भट्टीवर होता. घरात एकटी धाकटी होती.

मी स्वयंपाकघरात गेले. धाकटी चहा ओतत होती.

"तू काय करत होतीस काल?"

"डोकं दुखत होतं. पडले होते."

"काही आवाज आला?"

"नाही."

"शेडची किल्ली?"

"ही काय, खिळ्याला. नेहमीसारखी."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. लहानपणी बरणीतला खाऊ संपला, की ही अशीच ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. पण ओट्याकडे तोंड करणं हा काही गुन्हा नाही, म्हणून मी गप्प राहिले.

भावोजी आत आले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. धाकटीनं चालता चालता ते लावलं, खालचं एक चुकीच्या काजात गेलेलं काढून नीट केलं, आणि बशी पुसायला घेतली. मी तिला चिडवलं, "एवढे लाड करतेस?" ती हसली नाही. भावोजी उगाच खिडकीबाहेर बघायला लागले.

चहा नुसता उकळता होता. मी कपाचा कान धरून तो उचलला आणि चटका बसला म्हणून परत ठेवला. भावोजींनी त्यांचा कप चहूबाजूंनी बोटांत धरला आणि तसाच धरून बसले.

"पोळत नाही का हो?"

"हं? नाही. सवय आहे." त्यांनी कप खाली ठेवला. बोटांची टोकं लालबुंद झाली होती, आणि एका बोटावर जुना, अर्धवट भरलेला फोड होता.

"हे काय?"

"इस्त्री लागली असेल."

"लागली असेल म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"ताई, तुम्ही चोर शोधायला आलात की माझी बोटं मोजायला?" असं म्हणून ते उठून गेले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. दुखऱ्या गुडघ्यानिशी आलेल्या माणसाशी हे असं बोलायचं, याचा मला मनस्वी राग आला. रागाच्या भरात मी चहा अर्धा टाकून मागच्या दारानं अंगणात आले.

अंगणात दोरीवर फडकी वाळत होती. स्टुडिओतलीच, मापानं मोठी आणि जाडीभरडी. मी सहज एक हातात घेऊन बघितलं. जुनं होतं, विरलेलं होतं, आणि पांढरंशुभ्र होतं. मला ते खटकलं, पण का खटकलं ते कळायला थोडा वेळ लागला.

मी परत शेडमध्ये गेले. मातीची मोठी टाकी भिंतीला लागून होती. तिचं झाकण जड होतं, आणि मदतीला आलेले चरित्रकार मदत कमी आणि अडचण जास्त करत होते. शेवटी ते उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. वरचा थर सुकून त्याला भेगा पडल्या होत्या, जुन्या तळ्याच्या तळाला पडतात तशा. त्यावर बोटाचा ठसा नव्हता. शेजारी मातीच्या गोण्या होत्या, त्यांची शिवण तशीच.

"शिल्पाला माती कुठून घेतात?" मी ओतारीला विचारलं.

"इथूनच. दुसरीकडून कशाला आणतील?"

"आणि आणखी आणली असती तर?"

"माझ्याच टेम्पोतून येते. यंदा एकही खेप झालेली नाही."

त्यानं हे सांगितलं आणि पुन्हा घड्याळ बघितलं. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

शेडच्या मागे भंगाराचा ढीग आहे. भावोजी लोखंडाचा तुकडा टाकत नाहीत, कधी लागेल सांगता येत नाही म्हणतात. त्या ढिगाच्या वरच मला सापडला तो लोखंडी सळयांचा सांगाडा. माती नुसती उभी राहत नाही, आत असा सांगाडा लागतो. उंची माणसाएवढी. डावीकडे कललेला. त्याला तारेनं लाकडाचे लहान तुकडे बांधलेले होते, माती धरून राहावी म्हणून. ढिगाच्या आड दोन जुन्या उशा आणि गोणपाटं कोंबलेली होती. सगळं ओलं होतं.

सळया पाण्यानं गंजल्या होत्या. तारांच्या पिळांमध्ये, लाकडाच्या खाचांमध्ये मी नखानं खरवडून बघितलं. तिथं मातीचा कणसुद्धा कधी लागलेला नव्हता.

४

मी धाकटीला माजघरात बसवलं आणि दार लोटलं.

"तू सांगतेस की मी सांगू?"

"काय सांगायचंय?"

"मग मीच सांगते. ओली माती एवढ्या उंचीची, ती डाग न पाडता शेडबाहेर जात नाही. आख्खी जात नाही, तुकड्यांनी जात नाही. टाकी भरलेली आहे, गोण्या बंद आहेत, यंदा नवी माती आलेली नाही. म्हणजे शिल्प चोरीला गेलेलं नाही. ते केलेलंच नव्हतं. सांगाड्यावर उशा आणि गोणपाट बांधलं, वर ओलं फडकं टाकलं. त्या तिघांनी बघितलं ते फडकं. फडक्याची उंची आणि फडक्याचा उतार तेवढा तिघांचा जुळतो. बाकी आकांक्षा, शोक, रांजण, सगळं ज्याचं त्यानं घरून आणलेलं. आपल्याला दाखवलं नाही हे कबूल करायची एकाचीही तयारी नाही."

धाकटी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"भावोजींच्या बोटांना चटका कळत नाही. बटण लावता येत नाही. ती बोटं माती काय घडवणार? म्हणून काम थांबलं, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. इथवर त्यांचं. आता तुझं. काल त्यांचा पूर्ण वेळ गॅलरीत गेला, घरात तू. सांगाडा भंगारात कोणी टाकला, तर ज्याला ढीग कुठं आहे ते माहीत आहे आणि किल्ली कुठं आहे तेही. आणि घाईत चोरी करणारा माणूस प्लास्टिकची घडी घालत नाही, धाकटे. घरात पसारा दिसला की जिचा जीव वरखाली होतो, ती घालते."

तिनं ओढणीचं टोक सोडलं. मग म्हणाली, "फडक्यांवरून कळलं मला."

"तीच बघितली मी दोरीवर."

"इतकी वर्षं मी ती फडकी धुतेय, ताई. काम चालू असलं की बादलीच्या तळाशी चिखल बसतो. गेल्या वर्षी एकदम पाणी स्वच्छ राहायला लागलं. मला वाटलं, काम अडलंय, सुटेल. मग एकदा ते बाहेर गेले तेव्हा उचलून बघितलं. आत उशा."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? ते रोज सकाळी नेमानं जायचे, दार लावून बसायचे, दुपारी येऊन 'आज बरं झालं काम' म्हणायचे. मी कसं म्हणू की झालं नाही? कधी कधी फडकी भिजवायची विसरायचे. सुकी फडकी बघून कोणाला संशय आला असता. मग संध्याकाळी मी जाऊन भिजवायची."

मी कपाळाला हात लावला. माझी बहीण आणि तिचा नवरा, दोघं आपापल्या वेळेला गुपचूप जाऊन वर्षभर दोन उशांना पाणी घालत होते. चोरांनी मला कधी एवढं दमवलं नव्हतं.

"आज ओतारी येणार होता," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर फडकं उचललं जाणार होतं. चरित्रकार तर कॅमेरा घेऊन येणार होते. त्यांची शोभा झाली असती. चोरीत कोणाचा अपमान होत नाही. म्हणून म्हटलं, चोरीच होऊ दे."

"अगं, पण डॉक्टर? वर्षभर माणसाच्या बोटांना कळत नाही, आणि तू फडकी भिजवतेस? डॉक्टर सुचला नाही तुला?" माझा आवाज चांगलाच चढला होता. "बोटं कायमची गेली तर काय करणारेस? पाणी घालणार?"

तिच्या डोळ्यांना धार लागली. मला वाईट वाटलं, पण रागही तितकाच होता, आणि दोन्ही एकदम सांभाळता येईनात. तेवढ्यात लोटलेलं दार उघडलं. भावोजी उंबऱ्यात उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते केव्हापासून उभे होते ते समजत होतं.

५

"तू होतीस?" ते तिला म्हणाले. "मी आज सांगणार होतो सगळ्यांना. म्हणून तर मुद्दाम सगळ्यांना बोलावलं. आठवडाभर मनात वाक्यं जुळवत होतो. दार उघडलं आणि बघतो तर सांगायलाच काही उरलं नव्हतं."

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"सगळे चोरी चोरी करायला लागले. मला वाटलं, देवानंच सोडवलं. एवढं तयार केलेलं धाडस, ते क्षणात उतरलं हो ताई." ते खाली बसले. "आणि संध्याकाळी माझी फडकी कोण भिजवतंय, हे मला कळायचं नाही. वाटायचं, आपणच भिजवून विसरलो. आता हातांबरोबर डोकंही चाललं, अशी भीती वाटायची."

"अहो," धाकटी म्हणाली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"अंगठा आणि शेजारची दोन बोटं. आधी उजवी, मग डावी. मातीत हात घातला की मातीच लागत नाही. काही धरलंय की नाही ते बघून ठरवावं लागतं. मी आयुष्यभर कधी आधी बघून केलं नाही, हातांना कळायचं आणि मग मी बघायचो." ते आपल्याच पंजांकडे बघत होते. "डॉक्टरकडे गेलो असतो, तर त्यानं सांगितलं असतं की संपलं. न गेल्यामुळे निदान ते ठरलेलं नव्हतं."

"म्हणजे तुम्ही बोटांवरही फडकं टाकून ठेवलंत," मी म्हटलं. मी रागावले होते, म्हणून बोलून गेले. पण ते त्यांना पटलेलं दिसलं, कारण ते उठले आणि सरळ शेडकडे चालू लागले.

तिथं तिघं तिष्ठत होते. भावोजींनी बैठकीला टेकून उभं राहून एका दमात सांगून टाकलं. शिल्प नव्हतं. बोटांना कळत नाही. चोरी झालेली नाही. माझ्या बायकोनं मला झाकलं, यापलीकडे तिचा दोष नाही.

ओतारीनं जमिनीकडे बघितलं आणि त्याचे कान लाल झाले, कारण त्याचा अंदाज चुकत नाही. चरित्रकारांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांचा हात उशीला लागला होता आणि त्यावर एक आख्खं प्रकरण तयार होतं.

सगळ्यात आधी सावरली ती गॅलरीवाली.

"सर," ती हळूच म्हणाली, "हे तर त्याहून मोठं आहे. आपण रिकामी बैठकच ठेवू. वर ओलं फडकं. अनुपस्थिती."

"रिक्ततेचा कालखंड," चरित्रकार पुटपुटले, आणि त्यांच्या गालांवर रंग परत यायला लागला. "थोडा फेरफार केला तर प्रकरण तसंच राहील."

मला वाटलं, या दोघांना एका खोलीत कोंडून किल्ली विहिरीत टाकावी. पण मला काही करावं लागलं नाही.

"नाही," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज लहान होता. "काळ्या रेघा काढल्या तेव्हा मला काही दिसत होतं, म्हणून काढल्या. विटकरी थांबवला तेव्हा दिसायचं थांबलं होतं, म्हणून थांबवला. केलं ते केलं आणि नाही केलं ते नाही केलं, एवढंच माझ्यापाशी आहे. ते ठेवा भिंतीवर. मध्ये जागा मोकळी राहिली तर लोकांना चालायला बरं पडेल. जे नाही ते मी विकणार नाही, आणि तुम्ही त्याला नाव देऊ नका."

"पण निमंत्रणं छापलीत, सर," गॅलरीवाली म्हणाली. ती रडकुंडीला आली होती. पहिल्यांदाच ती मला साध्या बाईसारखी वाटली. तिनंही वर्षभर सगळ्यांना शब्द दिले होते, आणि आता ते तिला एकेकाला फोन करून मागे घ्यायचे होते.

"मी करतो फोन," भावोजी म्हणाले. "नंबर तेवढे तुम्ही दाबा."

ओतारीनं प्लास्टरच्या गोण्या उचलून टेम्पोत चढवल्या. मग परत आला, भंगारातून तो सांगाडा काढला आणि शेडमध्ये कोरड्या जागी नेऊन उभा केला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्यावर तेवढ्यापुरती खूश झाले.

दुपारी मी दोघांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. उद्यावर टाकलं असतं, तर दोघांनी मिळून रात्रीत आणखी काहीतरी भिजवलं असतं. डॉक्टर तरुण होता, आणि त्याला भावोजी कोण ते माहीत नव्हतं. याचं मला फार बरं वाटलं. त्यानं मनगटं वाकवून बघितली, बोटांवर ठोकून बघितलं, आणि म्हणाला की मनगटातली नस दाबली गेलेली दिसते, वर्षानुवर्षं हातानं जोर लावणाऱ्यांना होतं असं, पण इतका उशीर का केलात. मी तोंड उघडणार होते, पण धाकटीनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

"नस मोकळी करता येते," डॉक्टर म्हणाला. "किती परत येईल ते आत्ता नाही सांगता येणार. आधी किती शिल्लक आहे ते बघू. डोळे मिटा. सुई टोचली की सांगा."

भावोजींनी दोन्ही पंजे टेबलावर उताणे ठेवले आणि डोळे मिटले.

"टोचली," ते म्हणाले.

डॉक्टरचा हात अजून ट्रेमध्येच होता. त्यानं आमच्याकडे बघितलं.

"अहो," धाकटी म्हणाली, "अजून टोचलीच नाही. खरं सांगा ना आता."

त्यांनी मान हलवली. पापण्या मिटलेल्याच होत्या. डॉक्टरनं अंगठ्याला सुई लावली. काही नाही. शेजारच्या बोटाला लावली, मग मधल्याला. भावोजी गप्प होते, आणि त्या प्रत्येक गप्प राहण्याबरोबर धाकटीची बोटं माझ्या दंडात रुतत होती. मी आयुष्यभर लोकांना खरं बोलायला लावलं, पण ते ऐकून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. सुई अनामिकेवर आली. तिच्या आतल्या बाजूला काही नाही. डॉक्टरनं ती बाहेरच्या, करंगळीकडच्या बाजूला सरकवली.

भावोजींच्या कपाळाला आठी पडली.

"इथं," ते म्हणाले. "इथं काहीतरी आहे."

डॉक्टरनं सुई उचलली आणि लिहायला पेन घेतलं. भावोजींनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी पंजा थोडा पुढे सरकवला.

"परत टोचा," ते म्हणाले.